कऱ्हाकाठची अंजिरं

दिवे घाट चढून माथ्यावर आलं, की मागे वडकीचा मस्तानी तलाव आणि त्यापलीकडे पुण्याचा न संपणारा पसारा दिसतो. पुढे कऱ्हा नदीचं खोरं उघडतं. ज्येष्ठाच्या अखेरीला ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढून सासवडच्या मुक्कामाला येते, तेव्हा हे माळ हिरवे होऊ लागलेले असतात. बहुतेकांनी पुरंदर पाहिलेला असतो तो त्या दिवसांतला, नाहीतर श्रावण-भाद्रपदातला. मी गेले मार्चच्या अखेरीला. डोंगर करडे पडले होते, ओढे आटले होते आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर धूळ बसली होती. पण पुरंदरच्या अंजिराचा मीठा बहर याच दिवसांत तोडणीला येतो, आणि उन्हाळ्यातल्या या खोऱ्यातल्या बागा कशाच्या जोरावर उभ्या असतात हे मला बघायचं होतं.

पुरंदर तालुका दोन डोंगररांगांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेला भुलेश्वरची रांग; कानिफनाथ, दिवे घाट, मल्हारगड आणि पार टोकाला यवतजवळचं भुलेश्वराचं देऊळ, सगळी त्याच रांगेवर. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड. मधून कऱ्हा वाहते. गराडे, कोडीत, सासवड, मग जेजुरीजवळचं नाझरे धरण, मोरगाव, बारामती असं करत ती सोनगावाला नीरेला मिळते. आचार्य अत्र्यांचा जन्म १८९८ साली या कोडीतचा, आणि आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कऱ्हेचे पाणी’. पुस्तक वाचलेल्या माणसाला नदी मोठी भरलेली असेल असं वाटतं. मार्चअखेर सासवडच्या संगमेश्वराच्या घाटावर उभं राहिलं तर समोर खडक, वाळू आणि मधूनमधून साचलेली डबकी. सह्याद्रीच्या कण्यावर कोसळणारा पाऊस इथवर येता येता ओसरतो. पश्चिमेला नारायणपूर-भिवडीकडे भाताची खाचरं दिसतात, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला गेलं की बाजरीचं रान लागतं. एकाच तालुक्यात एवढा फरक.

सोनोरीच्या वाटेवरच्या एका बागेत मला बोलावलं होतं. उजाडायच्या आत या, असा निरोप होता. पोचले तेव्हा तोडणी सुरू झालेली होती. बाग एका आजींची. त्यांचा मुलगा पाट्या बाजारात नेतो, सून हिशोब ठेवते, पण झाडावरचं कुठलं फळ आज उतरवायचं आणि कुठलं उद्यासाठी ठेवायचं हे अजून आजीच ठरवतात. मी पुढे होऊन एका फांदीला हात लावला तशा त्या म्हणाल्या, “ताई, आधी बाह्या खाली करा. पानं लय खरबरीत असत्यात. चीक लागला तर दिवसभर खाजवत बसाल.”

अंजिराचं पान हाताला खरोखर कानशीसारखं लागतं. तोडणाऱ्या बायकांनी लांब बाह्यांचे सदरे चढवलेले, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. आजी फळ दाबून बघत नव्हत्या. पिकलेलं अंजीर देठाशी मान टाकतं, हिरव्या सालीवर जांभळट-विटकरी छटा चढते आणि खालचा डोळा किंचित उघडतो. तेवढं पाहून त्या देठावर अंगठा ठेवायच्या आणि फळ बाजूला कलवायच्या. ओढायच्या नाहीत. ओढलं तर देठाजवळची साल फाटते आणि ते फळ संध्याकाळपर्यंत आंबतं. तुटलेल्या देठातून दुधासारखा चीक टपकतो, तो दुसऱ्या फळावर पडू नये म्हणून क्षणभर अंजीर हातात उलटं धरायचं, मग पाटीत. पाटीच्या तळाला अंजिराचीच पानं, त्यावर फळांचा थर, पुन्हा पानं. माझ्या हातून हे सगळं होईपर्यंत शेजारची बाई चार फळं उतरवून पुढच्या झाडाशी गेलेली असायची. कोवळी उन्हं बागेत आली तसा सगळ्यांचा वेग वाढला. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, आणि मऊ पडलेलं फळ बाजारात कोणी हातात घेत नाही.

अंजिराची गंमत आणि अडचण दोन्ही इथेच आहेत. आंबा अढीत पिकतो, केळी, चिकू घरी आणून पिकवता येतात. अंजीर कच्चं उतरवलं तर त्याला ती गोडी कधीच येत नाही. ते झाडावरच पिकायला हवं. आणि झाडावर पिकलेलं अंजीर साध्या हवेत एक-दोन दिवसांवर टिकत नाही. म्हणजे पहाटे तोडलेलं फळ त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात पडायला हवं. हे खोरं अंजिराचं खोरं झालं त्यात जमिनीचा, हवेचा जेवढा वाटा आहे तेवढाच घाटाखालच्या पुण्याचा आहे. पहाटेच्या पाट्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळीच पोचतात. हेच झाड पुण्यापासून दीडशे किलोमीटरवर असतं, तर त्याचं फळ वाटेतच संपलं असतं.

आजींनी एक पूर्ण पिकलेलं फळ दोन बोटांनी उकलून माझ्या हातावर ठेवलं. आत गुलाबी-लाल गर आणि शेकडो बारीक दाणे. हे अंजीर उंबराच्या कुळातलं. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतल्या भिंतीवर फुलं असतात, बाहेरून ती कधी दिसत नाहीत. उंबराच्या फुलाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्याचं कारण हेच. उंबरात शिरणारी बारीक चिलटं परागीभवन करतात; पुरंदरमध्ये लावतात त्या अंजिराच्या जातीला मात्र चिलटांची गरज पडत नाही, फळ तसंच भरतं. चवीबद्दल एवढंच सांगते, की सुकं अंजीर खाऊन ताज्या अंजिराची कल्पना येत नाही. सुक्यात नुसती साखर उरलेली असते. ताज्यात सालीचा किंचित तुरटपणा, गराचा गारवा आणि मागे रेंगाळणारा मधासारखा वास असतो.

२०१६ साली ‘पुरंदर अंजीर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सिताफळ संशोधन केंद्र याच तालुक्यात, जाधववाडीला काम करत आहे. विद्यापीठाच्या अंजिराच्या एका वाणाचं नाव ‘फुले राजेवाडी’ आणि सिताफळाच्या एका वाणाचं ‘फुले पुरंदर’. राजेवाडी हे इथलंच गाव. या मातीतली गावं अशी वाणांच्या नावात जाऊन बसली आहेत, याचा इथल्या बागायतदारांना अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

आजींच्या मुलाला माझ्या मानांकनाच्या गोष्टीपेक्षा तांबेऱ्याची काळजी जास्त होती. हवेत ओल राहिली की पानाच्या खालच्या बाजूला गंजासारखे ठिपके पडतात, पान पिवळं होऊन गळतं, आणि पान गेलं की फळ पोसत नाही. “पूर्वी पावसाचा एक नेम असायचा,” तो म्हणाला. “आता ऐन बहरात आभाळ भरून येतं. एक रात्र पाऊस झाला की आठवड्याचा तोडा गेला.” भिजलेलं, फुटलेलं फळ पाटीत जात नाही. त्याचं काय करायचं हा जुना प्रश्न आहे. अलीकडे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन त्यावर प्रक्रियेची वाट काढली आहे, आणि २०२४ साली पुरंदरच्या अंजिराचा रस पोलंडपर्यंत गेला. संख्येने ही लहान सुरुवात असेल. पण ज्या फळाला घाट उतरून जायला एका सकाळची मुदत होती, ते समुद्रापार गेलं ही मला मोठी गोष्ट वाटते.

बांधापलीकडे सिताफळाची बाग होती. पानं झडलेली, नुसत्या काटक्या. नवख्या माणसाला ती वाळलेलीच वाटावी. सिताफळ उन्हाळ्यात अंग आवरून बसतं, मागत काही नाही, आणि पाणी मिळालं की नवी फूट काढतं. अंजीर, सिताफळ, पावसाळ्यातला वाटाणा, शेवंती, ॲस्टर: पुरंदरच्या पिकांची ही यादी नीट पाहिली तर तिच्यात एक शहाणपण दिसतं. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि बेताचं पाणी, यात जे येतं तेच इथे निवडलं गेलं आहे.

हे शहाणपण पिढ्यांचं आहे. सासवडच्या माळी समाजाची बागायतीतली हातोटी जुनी. नीरेचे कालवे निघाले तेव्हा यातली कितीतरी कुटुंबं कालव्याकाठच्या जमिनी करायला गेली. तिथे त्यांनी ऊस पिकवला, गूळ केला, आणि १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभारला. त्या गावाचं नाव माळीनगर, आणि कारखान्याचं नाव आजही ‘सासवड माळी’. पाणी नाही म्हणून माणसांना गाव सोडावं लागलं, पण गावाचं नाव त्यांनी कारखान्याच्या पाटीवर नेलं. जे इथेच राहिले त्यांच्यासमोर प्रश्न तसाच होता: पाणी.

१९७२च्या दुष्काळाने तो प्रश्न उघडा पाडला. पुरंदरमध्ये हजारो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ते पाहून पुण्याचे एक इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले आणि तालुक्याच्या पूर्वेकडल्या नायगावला येऊन त्यांनी मुक्काम टाकला. (सावित्रीबाईंचं नायगाव ते वेगळं, नीरेपलीकडे खंडाळा तालुक्यातलं.) देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली. तिच्यावर बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर खणली आणि पावसाचं पाणी तिथल्या तिथे अडवलं. माळ पिकायला लागला. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झालं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

मी नायगावला गेले ती या पंचायतीचे नियम ज्या मातीत जन्मले ती माती बघायला. ते नियम आजही वाचले की अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. आणि उसाला पाणी द्यायचं नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने गेल्या शंभर वर्षांत पाण्याबद्दल जे काही विचार मांडले, त्यातला हा सर्वांत न्याय्य विचार आहे असं माझं ठाम मत आहे. तो काही गावांपुरताच राहिला आणि राज्याचं धोरण झाला नाही, याचं वाईट वाटतं. साळुंखे २००२ साली गेले. बांध अजून आहेत, आणि नायगावात उभं राहिलं की माळ आणि शिवार यांच्यातली रेघ डोळ्यांना दिसते.

पावसाचं पाणी अडवण्याचा विचार या खोऱ्याला अगदी नवाही नव्हता. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याच्या कटगुणचं. तिथून ते पुरंदरमधल्या खानवडीला आलं आणि मग पुण्यात फुलांच्या धंद्यात स्थिरावलं. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी सरकारला सांगितलं होतं, की डोंगरउतारावर तालीवजा बंधारे घाला, पावसाचं पाणी शेतांतून मुरत मुरत नदीला जाऊ द्या. नायगावच्या बांधावर उभं राहून ते आठवलं, तेव्हा मधली नव्वद वर्षं आपण काय केलं असा प्रश्न पडला.

आज पुरंदरच्या बऱ्याच बागांना पाणी येतं ते पुरंदर उपसा सिंचन योजनेचं. हे पाणी मुळा-मुठा नदीतून उरुळी कांचनजवळ उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने डोंगर चढवून या बाजूला आणलं जातं. मुळा-मुठेत त्या ठिकाणी वाहतं काय, तर पुणे शहराने वापरून सोडलेलं पाणी. पुणेकर जे पाणी नको म्हणून सोडून देतो, त्यावर इथली शेततळी भरतात, ठिबकच्या नळ्या चालतात, आणि त्या पाण्यावर पोसलेलं अंजीर पुन्हा पुणेकराच्या ताटात जातं. शहराने हे पाणी नीट शुद्ध करूनच नदीत सोडायला हवं. नदीसाठी तर हवंच, पण स्वतःच्या ताटासाठीही हवं. आजींच्या मुलाने मला शेततळं दाखवलं तेव्हा वरचा थर फेसाळ होता. तो म्हणाला, “वास येतो कधी कधी. पण नाही म्हणून कसं चालंल? विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली.”

दुसऱ्या दिवशी मी पुरंदर किल्ला चढले. किल्ल्यावर लष्कराचा तळ आहे, दरवाजात ओळखपत्र दाखवून आत सोडतात. १६५७ साली इथे संभाजी महाराजांचा जन्म झाला. १६६५ साली मिर्झा राजे जयसिंगाच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे इथे पडले, आणि पाठोपाठ झालेल्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. हे आपण शाळेत शिकतो. त्याच मोहिमेत मोगली फौजेने भोवतालची गावं जाळली, पिकं तुडवली, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. केदारेश्वरापाशी उभं राहिलं की ती गावं खाली पसरलेली दिसतात. करड्या जमिनीवर हिरवे चौकोन, मध्ये शेततळ्यांच्या निळ्या कागदाची चमक, आणि दूर पूर्वेला सपाट होत गेलेला माळ.

त्या पूर्वेकडच्या पट्ट्यातच विमानतळ प्रस्तावित आहे. २०१६पासून त्याची चर्चा आहे, आणि त्याला नाव संभाजी महाराजांचंच सांगितलं जातं. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही त्यासाठी निवडलेली सात गावं. सुरुवातीला सुमारे २,८०० हेक्टर जमीन लागणार असं सांगितलं गेलं, पुढे ते क्षेत्र कमी करण्यात आलं. मोजणीला २०२५ साली गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा रस्त्यावर संघर्ष झाला. मी वनपुरी-उदाचीवाडीच्या रस्त्याने गेले. दोन्ही बाजूंना अंजीर आणि सिताफळ. एका घराच्या ओसरीवर बसलेल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, “पैसे देतील ओ. पैसे किती दिवस पुरतात ते आमच्या पाहुण्यांकडं बघितलंय आम्ही. बाग पोरासारखी वाढवलीय, ती कुठं घिऊन जाऊ?” त्याच गावात विमानतळ व्हावा असं म्हणणारी तरुण मुलंही भेटली. शेतीत राम नाही, नोकऱ्या तरी येतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी वेडं ठरवणार नाही. तांबेरा, पाऊस आणि पडलेला भाव त्यांनी घरात पाहिला आहे.

पुण्याला मोठा विमानतळ हवा हे खरं आहे. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे आणि त्याच्या मर्यादा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण अंजिराची बाग एका गावातून उचलून दुसऱ्या गावात ठेवता येत नाही. झाड पूर्ण उत्पन्नाला यायला सात-आठ वर्षं लागतात, तशी निचऱ्याची जमीन लागते, पाणी अडवलेलं शिवार लागतं, आणि कुठलं फळ आज उतरवायचं हे न दाबता ओळखणारा डोळा लागतो. मोबदल्याच्या तक्त्यात जमिनीचा, विहिरीचा आणि झाडाचा दर लावता येतो. पन्नास वर्षं माप मोजून पाणी वापरायला शिकलेल्या गावांचा दर कसा लावणार? माझ्या मते ओलिताखाली आलेली, बागा उभ्या असलेली जमीन अशा प्रकल्पातून आधी वगळायला हवी आणि मग बाकीचा विचार करायला हवा. आपण नेमका उलटा क्रम लावतो: सपाट आणि रस्त्यालगतची जमीन आधी, मग ती कोणाची आहे ते.

पुण्या-मुंबईकडून या खोऱ्यात येणारे बहुतेक लोक जेजुरी, नारायणपूर आणि केतकावळ्याचा बालाजी करून संध्याकाळी परततात. त्यांना माझं सांगणं आहे, की मार्च-एप्रिलात एक सकाळ बागांसाठी काढा. दिवे घाटाच्या माथ्यावर आणि सासवडच्या रस्त्यावर बागायतदार स्वतः अंजीर घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका, त्यांच्या पाटीत हात घालून फळं दाबू नका. घेतलेली अंजिरं त्याच दिवशी खा. वेळ असेल तर नायगावचे बांध पाहा आणि वनपुरी, उदाचीवाडी, खानवडीच्या रस्त्याने एक चक्कर मारा. तिथल्या लोकांशी बोला, त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐका. मार्च-एप्रिल जमलं नाही तर भाद्रपद-आश्विनात या, तेव्हा सिताफळाचा हंगाम असतो.